न्यू वेव्ह : तुमचे आवडते बँड, आवडते अल्बम (आणि बेसगिटारची बाजू)

पूर्वरंग

न्यू वेव्ह, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या शेवटी पंकमागून आलेलं रॉक-पॉप संगीत, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फुगवलेले केस, खांद्यांना पॅड लावलेले कोट आणि सिंथेसायझर येतात. एमटीव्ही १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं आणि त्यावर ज्यांचे व्हिडिओ दिवसरात्र दिसले तेच बँड पुढे न्यू वेव्ह म्हणून लक्षात राहिले. त्यातलं पुष्कळसं मलाही आवडतं. पण माझं ठाम मत आहे की या संगीतात खरी नवी गोष्ट घडली ती तळाशी, बेस आणि ड्रम्समध्ये.

सत्तरच्या दशकातला रॉक ऐका. गायक पुढे, गिटारवाला पुढे, आणि बेस-ड्रम्स सतरंज्या उचलायला मागे. पंकने, म्हणजे कच्च्या, रागीट, धडाकेबाज रॉकने, तो मांडव पाडला खरा, पण पंकचा ठेकाही सरळसोटच होता. त्यानंतर लगेच, साधारण १९७८ ते १९८३ या काळात, जी मुलं आली त्यांनी जमैकाचं रेगे ऐकलं होतं, नायजेरियाचा फेला कुटी ऐकला होता, डिस्कोवर ती नाचली होती. हे सगळं त्यांच्या बेसमध्ये उतरलं.

माझा सगळ्यात लाडका अल्बम टॉकिंग हेड्सचा 'रिमेन इन लाइट' (ऑक्टोबर १९८०). बहामाजमधल्या नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत या चौघांनी आणि निर्माता ब्रायन इनोने आधी गाणी लिहिलीच नाहीत. छोटे छोटे तुकडे वाजवत राहायचे, टेपवर थर चढवत जायचे आणि मग मिक्सिंगच्या टेबलावर कुठला थर कधी उघडायचा, कधी बंद करायचा ते ठरवायचं. शब्द आणि चाल त्यानंतर. काही गाणी जवळपास एकाच कॉर्डवर उभी आहेत, तरी क्षणभर कंटाळा येत नाही. टीना वेमथचा बेस ऐका, मोजकेच स्वर, पण सगळं घर त्यावर उभं.

दुसरा एक्सटीसीचा 'ड्रम्स अँड वायर्स' (१९७९), तिसरा स्लिट्सचा 'कट' (१९७९), चौथा जॉय डिव्हिजनचा 'अननोन प्लेझर्स' (१९७९). पाचव्यासाठी 'द पोलीस' आणि ब्लाँडी या दोन बँडांत माझं रोज भांडण होतं.

तुमचे कोणते? आणि मुख्य म्हणजे का? नुसती यादी टाकू नका, एखादी जागा सांगा, जिथे तुम्ही गाणं मागे नेऊन परत ऐकता.

रंकाळा

लई भारी धागा भावा. चहा घेऊन बसलोय.

विजेचा_खांब

पूर्वरंग, धागा छान, पण तुमच्या मूळ मुद्द्यालाच माझा विरोध. सिंथला तुम्ही केसांच्या आणि कोटांच्या पंगतीत बसवलंत, हे पटलं नाही.

गॅरी न्यूमनचं उदाहरण घ्या. १९७८ मध्ये तो पंक अल्बम करायला स्टुडिओत गेला, तिथे आधीच्या कुणाचा तरी मिनीमूग सिंथेसायझर पडून होता. त्याने एक पट्टी दाबली आणि त्या आवाजाने तो हादरला. पुढच्या वर्षी ट्यूबवे आर्मीच्या नावाने त्याचं गाणं इंग्लंडात चार आठवडे पहिल्या नंबरावर होतं, आणि त्याच वर्षीच्या 'द प्लेझर प्रिन्सिपल' अल्बममध्ये गिटार औषधालाही नाही. बेस आणि ड्रम्स मात्र माणसांनी वाजवलेले आहेत, ती गोष्ट तुमच्या पथ्यावर पडेल.

मग ह्यूमन लीगचा 'डेअर' (१९८१). शेफील्ड हे पोलादाचं गाव. तिथल्या क्रेझी डेझी नावाच्या क्लबात बँडचा गायक फिल ओकीला नाचताना दोन शाळकरी मुली दिसल्या, जोआन आणि सुझान. बँड फुटलेला, दौरा तोंडावर आलेला, म्हणून त्यांना सोबत घेतलं. ह्या दोघी शिकलेल्या गायिका नव्हत्या, आणि म्हणूनच त्यांचे आवाज खरे वाटतात. निर्माता मार्टिन रशेंटने लिन एलएम-१ हे ड्रम मशीन वापरलं, ज्यात खऱ्या ड्रम्सचे आवाज साठवलेले होते. त्या अल्बमचं सगळ्यात गाजलेलं गाणं १९८१ च्या नाताळात पहिल्या नंबरावर गेलं, आणि ते स्वतंत्र काढूच नये असं खुद्द ओकीचं म्हणणं होतं!

माझी जागा : 'डेअर'चं पहिलं गाणं सुरू होतानाचा सिंथ. कितीही वेळा ऐका, अंगावर काटा येतो.

निशिगंध

'कट'चं नाव पहिल्याच पोस्टमध्ये बघून आनंद झाला. बायकांचे बँड अशा याद्यांच्या शेपटाला लटकवलेले असतात.

स्लिट्स ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी : लंडनच्या मुली, गायिका आरी अप बँडमध्ये आली तेव्हा चौदा वर्षांची होती. निर्माता डेनिस बोव्हेल, बार्बाडोसमध्ये जन्मलेला, इंग्लंडातल्या रेगेचा मोठा माणूस. त्याने या मुलींच्या वाजवण्याला इस्त्री केली नाही. अडखळणं, हसणं, मध्येच ओरडणं सगळं ठेवलं आणि त्याखाली टेसा पोलिटचा जड बेस पसरला. ड्रम्सवर बजी, जो पुढे सूझी अँड द बॅन्शीजमध्ये गेला.

आणि बॅन्शीजचा 'जूजू' (१९८१) माझा पहिला नंबर. पूर्वरंग, तुमचा बेसचा मुद्दा मान्य, पण इथे जॉन मकगॉकची गिटार ऐका. सोलो म्हणावा असा एक तुकडा सापडत नाही, तरी गिटार एक क्षण शांत नाही. पहिल्या गाण्यात तो बारा तारांची अकूस्टिक अशी काही वाजवतो की ती तालवाद्यच वाटते. त्यावर सूझीचा आवाज. मी पुण्यात होस्टेलवर असताना हा अल्बम लावला की बाजूच्या खोलीतली मुलगी भिंतीवर थापा मारायची. आवाज कमी कर म्हणून नाही, वाढव म्हणून.

शंकेखोर

पोलीस न्यू वेव्ह कधीपासून झाले? अँडी समर्सचा जन्म १९४२ चा. तो सॉफ्ट मशीनमध्ये वाजवून आलेला, अ‍ॅनिमल्समध्ये वाजवून आलेला. स्टुअर्ट कोपलंड कर्व्ह्ड एअर या प्रोग्रेसिव्ह बँडमधला. स्टिंग जॅझवाला. तिघांनी केस सोनेरी रंगवले आणि पंकांच्या रांगेत उभे राहिले. वादक म्हणून उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण या धाग्यात नको.

ठेका

शंकेखोर, माणूस कुठून आला हे बघायचं की त्याने काय वाजवलं हे? कोपलंडमुळे तर मी या सगळ्यात आलो, म्हणून जरा लांबड लावतो.

मी तबलजी. रॉकचे ड्रम्स मला फार काळ कळत नव्हते, कारण पहिल्या मात्रेवर ढोल, दुसऱ्या-चौथ्यावर टणत्कार, झालं. मग एका मित्राने 'रेगाटा द ब्लँक' (१९७९) ऐकवला. रेगेमध्ये 'वन ड्रॉप' नावाचा ठेका असतो. त्यात पहिली मात्रा रिकामी सोडतात आणि वजन तिसऱ्या मात्रेवर येतं. जिथे आपलं अंग धक्क्याची वाट बघतं तिथे काहीच नाही! मला एकदम आपला रूपक ताल आठवला. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (रिकामी मात्रा) येते, आणि त्यामुळे तो ताल जमिनीपासून वीतभर वर चालल्यासारखा वाटतो. कोपलंड ही रिकामी जागा ठेवतो आणि वरून हाय-हॅटवर (पायाने उघडझाप करायच्या झांजांवर) जे बारीक काम करतो ते तबल्यातल्या कायद्याचे पलटे ऐकावेत तसं ऐकायचं. दोनदा तेच येत नाही.

आता 'रिमेन इन लाइट'. पूर्वरंगांनी जागा मागितली आहे म्हणून सांगतो. त्यातलं चौथं गाणं, सगळ्यांना माहीत असलेलं, 'वन्स इन अ लाइफटाइम'. त्याची सम कुठे आहे? गंमत अशी झाली की इनोला सम बँडपेक्षा वेगळ्या जागी ऐकू येत होती. बँडची जी तिसरी मात्रा, ती त्याची पहिली. त्याने तसंच धरून त्याचे थर चढवले, आणि बँडचे थर त्यांच्या समेवर राहिले. त्यामुळे त्या गाण्याला दोन समा आहेत. एकदा बेसला धरून टाळी द्या, मग गाण्याच्या मुखड्याला धरून द्या. दोन्ही बरोबर येतात, तरी दोन्हींत कुठेतरी पाय घसरतो. मी क्लासमधल्या मुलांना हे गाणं लावून हातावर ताल धरायला लावतो. अर्धा वर्ग एकीकडे, अर्धा दुसरीकडे!

आणि ब्लाँडीचं 'हार्ट ऑफ ग्लास'. नाचायचं गाणं म्हणून सगळ्यांना ठाऊक. मधला वाद्यांचा तुकडा मोजलात का कधी? चार मात्रा, मग तीन. एक मात्रा गाळलेली. डिस्कोच्या मजल्यावर सात मात्रांचं आवर्तन!

पूर्वरंग

ठेकाजी, दंडवत. ती सात मात्रांची जागा आत्ता मोजली आणि टेबलावर हात मारत बसलोय.

त्या गाण्याची आणखी एक गोष्ट. त्याचा पहिला कच्चा अवतार १९७५ चा. तीन वर्षं ते गाणं रेगे, फंक असं कशाकशात बसवून बघितलं. १९७८ ला 'पॅरलल लाइन्स'साठी निर्माता माइक चॅपमनने ते पुन्हा उकरलं. रोलंडचं सीआर-७८ हे छोटं ड्रम मशीन चालू ठेवलं आणि त्याला धरून क्लेम बर्कने खरे ड्रम्स वाजवले. मशीन ढळत नाही, म्हणून माणसाला एक पैसाही इकडेतिकडे होता येत नाही. बर्क २०२५ च्या एप्रिलमध्ये गेला. त्याची आठवण म्हणून तरी तो अल्बम पूर्ण ऐका, फक्त हे एक गाणं नको.

विजेचा_खांब, तुमचं 'डेअर'वरचं लिहिणं आवडलं. पण बघा, तुम्हीही शेवटी ड्रम मशीनपाशीच आलात :)

दर्यावर्दी

आमच्या वेळी हे सगळं आमच्यापर्यंत पोचायचं कसं, ते आजच्या मुलांना कळणार नाही. मी बोटीवर होतो. सिंगापूर, हाँगकाँगला बोट लागली की कॅसेटी घ्यायच्या आणि घरी आलो की पुतण्यांची रांग. शॉर्टवेव्हवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसला जॉन पीलचा कार्यक्रम लागायचा. समुद्रात रेडिओ कधी एकदम साफ ऐकू यायचा, कधी नुसती खरखर. अर्धं गाणं ऐकायचं आणि नाव कळायच्या आत लाट निघून जायची. त्या अर्ध्या गाण्याच्या शोधात मी बंदरांतली दुकानं पालथी घातलीत.

मुंबईत काळा घोड्याला रिदम हाउस हे रेकॉर्डी-कॅसेटींचं दुकान होतं. २०१६ ला बंद झालं तेव्हा फार वाईट वाटलं.

आणि शंकेखोर, पोलीसवर बोलताना जरा जपून. ते मार्च १९८० मध्ये मुंबईत येऊन वाजवून गेलेत! त्या काळी जगातला कुठलाही मोठा बँड इकडे फिरकत नव्हता. हाँगकाँग, बँकॉक, मुंबई, कैरो असा दौरा होता. इथला कार्यक्रम टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या बायकांनी भरवला, धर्मादाय कामासाठी. माझा थोरला भाऊ गेला होता. आधी सगळे शिस्तीत खुर्च्यांवर, अगदी नाट्यसंगीताला बसल्यासारखे, आणि शेवटी सगळे उभे, असं तो सांगायचा.

शंकेखोर

काका, मुंबईत येणं हा न्यू वेव्हचा दाखला होत नाही. पण ठेका यांचं रूपकाचं म्हणणं ऐकून रेकॉर्ड पुन्हा काढली आहे. हाय-हॅट खरंच अफाट आहे. वर्गवारीवर मी ठाम.

माझी निवड सांगायची राहिली. टेलिव्हिजन, 'मार्की मून', फेब्रुवारी १९७७. न्यूयॉर्कच्या बाउरी रस्त्यावर सीबीजीबी नावाचा कळकट बार होता. कंट्री, ब्लूग्रास आणि ब्लूज अशी त्या आद्याक्षरांची फोड, आणि वाजलं तिथे भलतंच. टेलिव्हिजन, ब्लाँडी, रमोन्स, टॉकिंग हेड्स सगळे तिथून वर आले.

शीर्षकाचं गाणं दहा मिनिटांचं आहे. टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड, दोन गिटारी. एक बोलते, दुसरी तिचं वाक्य मध्येच तोडून आपलं म्हणते. आवाज कोरडा, ब्लूजचा ओढून ताणून आणलेला उसासा नाही. शेवटी सगळं चढत चढत जातं आणि फुटतं, मग क्षणभर नुसते थेंब पडावेत तसे स्वर. आणि त्यातून पुन्हा ठेका उभा राहतो. ती माझी जागा. पूर्वरंग म्हणतात न्यू वेव्ह तळाशी घडली. हा अल्बम ऐकून सांगा, ती गिटारीतही घडली की नाही. व्हर्लेन २०२३ च्या जानेवारीत गेला.

नवखा_श्रोता

मी पंचवीसचा. टीना वेमथ हे नाव वाचून आठवलं, मराया कॅरीच्या 'फँटसी'मधली ती धून टॉम टॉम क्लबची ना? म्हणजे तीच टीना?

पूर्वरंग

तीच. १९८१ ला टीना आणि तिचा नवरा क्रिस फ्रान्ट्झ, टॉकिंग हेड्सचा ड्रमर, यांनी त्याच कंपास पॉइंटला जाऊन टॉम टॉम क्लबचा अल्बम केला. 'जीनियस ऑफ लव्ह' त्यातलं. हिप-हॉपवाल्यांनी ते इतक्यांदा उचललं की तुमच्या पिढीने ते नाव न ऐकताही ऐकलेलं आहे.

ओहायोचा_बंड्या

कुणीच डीव्हो या अमेरिकन बँडचं नाव काढलं नाही? मी अ‍ॅक्रनजवळ राहतो, म्हणून मला लिहावंच लागणार.

अ‍ॅक्रन म्हणजे टायरचं गाव. गुडइयर, फायरस्टोन, गुडरिच सगळ्यांचे कारखाने इथे. सत्तरच्या दशकात ते एकामागून एक बंद व्हायला लागले. आमच्या वयाच्या मुंबईकरांना गिरणगावाचं जे झालं ते सांगावं लागत नाही, तसंच इथल्या जुन्या लोकांना टायरचं. डीव्हो त्या गावातून आले. त्यांच्या लाल पायऱ्यापायऱ्यांच्या टोप्या आणि पिवळे डगले बघून लोक त्यांना विनोदी बँड समजतात. त्यांच्या मुळाशी काय आहे ते माहीत असायला हवं. ४ मे १९७० ला शेजारच्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डने निदर्शनं करणाऱ्या विद्यार्थ्यांवर गोळ्या झाडल्या. चार मुलं गेली. डीव्होचा जेराल्ड कसाली तिथे होता, गेलेल्यांपैकी दोघांना तो ओळखत होता. माणूस पुढे जात नाहीये, मागे चाललाय, हा त्यांचा सिद्धांत तिथून आला. प्रिटेंडर्सची क्रिसी हाइंडही मूळ अ‍ॅक्रनचीच, आणि तीही तेव्हा केंट स्टेटमध्ये शिकत होती.

डीव्होचा पहिला अल्बम १९७८ चा, निर्माता पुन्हा इनो, बराचसा जर्मनीत कॉनी प्लँकच्या स्टुडिओत झालेला. रोलिंग स्टोन्सचं एक गाणं त्यांनी इतकं तुकडे तुकडे करून परत जोडलंय की पहिल्या कडव्यापर्यंत ओळखू येत नाही. ठेकाजी, तो ताल मोजून सांगा, मला अजून धरता आलेला नाही.

इथे बर्फ पडत असताना, रिकाम्या कारखान्याच्या भिंतीजवळून गाडी नेताना तो अल्बम मी लावतो. तेव्हा त्यात विनोद कमी आणि राग जास्त ऐकू येतो.

रंकाळा

बंड्या, हे माहितीच नव्हतं. आता टोप्यांवर हसणार न्हाई.

म्हापशेकार

गोव्याचं कुणी काही बोललंच नाही, म्हणून मी. ऐंशीच्या सुरुवातीला हणजुणेच्या किनाऱ्यावर हिप्पींच्या पार्ट्यांत रॉक आणि रेगे वाजत असे. मग काही युरोपियन डीजे लोकांनी युरोपातली इलेक्ट्रॉनिक गाणी आणायला सुरुवात केली, त्यात न्यू वेव्हच्या नात्यातलं पुष्कळ होतं. रेकॉर्डी उन्हाने वाकत, म्हणून सगळं कॅसेटवर. आणि गाण्यातला गाण्याचा भाग कापून टाकायचा! शब्द नको, नुसता ताल आणि सिंथ, लांबवत लांबवत रात्रभर. पुढे जे गोवा ट्रान्स म्हणून जगभर गेलं त्याची एक मुळी इथे आहे. पूर्वरंग आणि विजेचा_खांब, तुमचं दोघांचं भांडण आमच्या किनाऱ्यावर तेव्हाच मिटलं होतं रे.

विजेचा_खांब

म्हापशेकार, एकदम मान्य! आणि यात मुंबईही आहे. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग, त्यांनी १९८२ ला 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' काढला. रोलंडची तीन यंत्रं, टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८, आणि त्यावर भैरव, ललत, यमन. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० ला परदेशात पुन्हा निघाला तेव्हा लोक वेडे झाले. तो न्यू वेव्ह नाही हे माहीत आहे, शंकेखोर, लिहायला बसू नका.

निशिगंध

आपल्याकडचं निघालंच आहे तर ब्लांकमांज हा इंग्लंडातला बँड. दोघे जण, नील आर्थर आणि स्टीफन लसकोम. 'लिव्हिंग ऑन द सीलिंग' (१९८२) इंग्लंडात सातव्या नंबरापर्यंत गेलं, त्यात तबला पंडित दिनेश यांचा आणि सतार दीपक खझांची यांची. त्याच वर्षी मॉन्सून या बँडचं 'एव्हर सो लोनली' बाराव्या नंबरापर्यंत गेलं. गायिका शीला चंद्रा तेव्हा सतरा वर्षांची होती.

आणि याच लसकोम आणि पंडित दिनेश यांनी वेस्ट इंडिया कंपनी नावाचा गट काढला, त्यासाठी १९८४ ला गायल्या कोण? आशा भोसले! पुढे १९९१ ला बॉय जॉर्जच्या 'बाउ डाउन मिस्टर'मध्येही त्यांचाच आवाज. ज्या बाईने नाट्यपदापासून कॅबरेपर्यंत काही सोडलं नाही, तिने हेही सोडलं नाही. मला याचा किती अभिमान वाटतो म्हणून सांगू.

दर्यावर्दी

निशिगंध ताई, हे माहीत नव्हतं. आज रात्री हेच ऐकणार.

जुन्नरी

मी संगीतातला जाणकार नाही, पण 'अननोन प्लेझर्स'वर माझा वेगळाच हक्क आहे. ते काळ्यावरच्या पांढऱ्या डोंगरांसारख्या रेघांचं चित्र टी-शर्टांवर सगळीकडे दिसतं. ते डोंगर नाहीत. ती सीपी १९१९ या पल्सारची (स्वतःभोवती गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओलहरी पाठवणाऱ्या ताऱ्याची) स्पंदनं आहेत, एकाखाली एक मांडलेली. हा माणसाला सापडलेला पहिला पल्सार, १९६७ ला जॉसलिन बेल यांनी केंब्रिजला शोधलेला. बँडचा ड्रमर-गिटारवाला कुणीतरी ते चित्र एका विश्वकोशात पाहिलं आणि पीटर सॅव्हिलने त्याचं मुखपृष्ठ केलं. बँडचं नाव समोर नाही, अल्बमचंही नाही.

आमच्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. तिथेही पल्सारवर काम चालतं. शाळेच्या सहलीत एका शास्त्रज्ञाने पल्सारचा आवाज स्पीकरवर ऐकवला होता, टक टक टक, अजिबात न चुकणारा. पुढे कॉलेजात तो अल्बम ऐकला. त्यातले ड्रम्स तसेच आहेत. थंड, लांबून येणारे, न चुकणारे.

पावसाळी_मँचेस्टर

जुन्नरी, काय सुंदर लिहिलंत.

त्या थंडपणामागे निर्माता मार्टिन हॅनेट. स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत त्याने ड्रमर स्टीफन मॉरिसला ड्रमचा एकेक भाग वेगवेगळा वाजवायला लावला, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू नये. बँडला अल्बम आवडला नव्हता, स्टेजवर ते कितीतरी जोरकस वाजवत. मला दोन्ही आवडतं. पीटर हुकचा बेस वरच्या पट्टीत चाल वाजवतो आणि गिटार खाली कुरकुरत राहते. पूर्वरंग, हे तुमच्या बाजूने.

१८ मे १९८० ला गायक इयन कर्टिस गेला, तेवीस वर्षांचा. त्याबद्दल लोक फार रंगवून बोलतात. मला ते नको वाटतं. अपस्माराचा त्रास, औषधं, घरातली ओढाताण आणि पहिला अमेरिका दौरा डोक्यावर. उरलेल्या तिघांनी काही महिन्यांत न्यू ऑर्डर या नवीन नावाने उभं राहायचं ठरवलं, मग गिलियन गिल्बर्ट आली, आणि १९८३ च्या मार्चमध्ये 'ब्लू मंडे'. साडेसात मिनिटांचं, बारा इंची तबकडीवर, मुखपृष्ठ फ्लॉपी डिस्कसारखं कापलेलं. त्यातली सीक्वेन्सरची (भरून ठेवलेले स्वर आपोआप वाजवणाऱ्या यंत्राची) ओळ गिलियनने एकेक टप्पा हाताने भरली होती, त्यात एक नोट राहून गेली, म्हणून ती ओळ ठेक्यापेक्षा किंचित सरकलेली आहे. हे तिनेच सांगितलंय. ती ओळ बरोबर बसली असती तर गाणं इतकं अस्वस्थ करणारं झालं नसतं असं माझं मत. मशीनवर रचलेल्या गाण्यात माणूस कुठे आहे असं विचारतात, तर तो तिथे आहे.

मँचेस्टरचा हासिएंडा क्लब होता तिथे आता फ्लॅट आहेत. कामावर जाताना रोज बाजूने जातो.

ठेका

बंड्या, डीव्हो मोजला. मात्रा चारच आहेत, पण ड्रम्सचा जड घाव पाहिजे तिथे पडत नाही आणि गिटार, बेस आपापल्या जागी वेगळे अडकतात. तुम्ही हाय-हॅट सोडा आणि गायकाच्या श्वासाला धरा, बसेल.

आणि पूर्वरंगांनी 'ड्रम्स अँड वायर्स'चं नाव घेऊन सोडून दिलं, म्हणून त्यातल्या 'मेकिंग प्लान्स फॉर नायजेल'बद्दल. टेरी चेंबर्सने ड्रमसेट उलटा वाजवलाय. जे काम एरवी हाय-हॅट करतं ते खालच्या टॉमवर (खर्जातल्या मोठ्या ड्रमवर) आणलंय. त्यामुळे गाणं कारखान्यातल्या यंत्रासारखं हलत राहतं. विषयही तोच, आईबापांनी मुलाची पोलाद कंपनीतली नोकरी परस्पर ठरवून टाकली आहे, पोराला बोलायलाच मिळत नाही.

नवखा_श्रोता

हे तर आमच्या घरातलं! फक्त पोलादाऐवजी कॉम्प्युटर इंजिनिअरिंग.

रंकाळा

आमच्यात साखर कारखाना :))

पूर्वरंग

एक्सटीसी स्विंडनचे, ते रेल्वेच्या कारखान्याचं गाव. अँडी पार्ट्रिजला १९८२ मध्ये स्टेजची इतकी भीती बसली की त्याने दौरे कायमचे बंद केले. त्यानंतर फक्त स्टुडिओ. 'स्कायलार्किंग' (१९८६) त्यातून आला, उन्हाळ्याच्या एका दिवसासारखा पहाट ते रात्र मांडलेला. माणसं त्याला न्यू वेव्ह म्हणणार नाहीत, पण मी सोडणार नाही.

शंकेखोर, काल 'मार्की मून' सलग ऐकला. तुम्ही सांगितलेली जागा मिळाली. आता तुम्ही त्याच गाण्यात फ्रेड स्मिथचा बेस ऐका. दोन गिटारी हवेत भांडत असताना तो दहा मिनिटं जागचा हलत नाही. तो हलला असता तर त्या दोघींना इतकं दूर जाता आलं असतं का?

शंकेखोर

ऐकला. बेस चांगला आहे. गिटार जास्त चांगली आहे.

नवखा_श्रोता

मी या धाग्यातले चार अल्बम आठवडाभर लोकलमध्ये ऐकले. 'रिमेन इन लाइट' डोंबिवली ते दादर बरोब्बर बसतो. 'डेअर' लगेच आवडला. 'अननोन प्लेझर्स' सकाळी नको, रात्री परतताना ऐकायचा. 'कट' पहिल्यांदा कळलाच नाही, तिसऱ्यांदा ऐकताना एकदम उघडला, आणि आता तोच सारखा लावतोय. त्या मुली चुकतायत की मुद्दाम करतायत हे कळत नाही, आणि ते न कळणंच मस्त आहे. माझी जागा : सहाव्या गाण्यात काडेपेटी वाजते की काय असा आवाज येतो ती. ती काडेपेटीच आहे का? आणि यानंतर काय ऐकू? एकच सांगा, यादी नको.

निशिगंध

'न्यूटाउन' म्हणत असशील तर त्यात काडेपेटी, काडी ओढल्याचा आवाज आणि चमचा पडल्याचा आवाज सगळं तालात बसवलंय, बरोबर ओळखलंस. यानंतर एकच? 'जूजू'. हेडफोन लाव आणि दारापासून लांब उभा राहा, दादर निघून जाईल.

पूर्वरंग

'फिअर ऑफ म्युझिक', टॉकिंग हेड्स, १९७९. 'जूजू' त्यानंतर.

विजेचा_खांब

'द प्लेझर प्रिन्सिपल'. या दोघांचं ऐकू नकोस.